खुणेची मेंढी

बेन्यात, काल रात्री तू फोन आपटलास
आणि आज मी शायेनला,
उंच छताच्या गार दिवाणखान्यात,
सरकारी पेनाचं टोपण काढून बसले आहे.
आम्ही तिघं. एक दातांचा डॉक्टर,
एक तेलविहिरींचा ठेकेदार,
आणि मी, मायते एत्शेव्हेरी, बफेलोची निवृत्त कारकून,
डिसेंबरात तीनशे मैल गाडी हाकत आलेली.

अख्ख्या वायोमिंगचं तोंड म्हणजे आम्ही तिघं.
तुमच्या कॅलिफोर्नियाचे चोपन्न.
"भागाकार करून बघ," तू ओरडलास,
"शाळेत गणितात तूच पहिली यायचीस ना!
तुझ्या एका मतात माझी जवळजवळ चार मावतात.
आणि माझं तर तेवढंही उरत नाही.
राज्यात जो पुढे, तो चोपन्नच्या चोपन्न उचलून नेतो,
मग बेकर्सफील्डात मी रांगेत उभा राहिलो काय
नि घरी पाय पसरून झोपलो काय.
मापात पाप आहे, मायते,
आणि माप तुझ्या हातात आहे."

मी म्हटलं, सगळी डोकी एका टोपलीत मोजलीत
तर आमच्या गावाकडे कोण फिरकेल?
कोण विचारेल, बाळंतपणाला
किती मैल जावं लागतं म्हणून?

तू हसलास.
"आत्ता फिरकतं कुणी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

बाबांची रीत आठवते?
शंभर पांढऱ्यांमागे एक काळी मेंढी.
हजार डोकी मोजत बसलं तर डोंगरावरच रात्र सरायची,
म्हणून ते फक्त काळ्या मोजायचे,
बात, बी, हिरू, बोटं दुमडत, आपल्या बास्कमध्ये.
दहा भरल्या की फाटकाला कडी,
कुत्र्याला पावाचा तुकडा,
नि आपल्याला टोपीखालचं ते अर्धं हसू.
मला वाटायचं, याहून शहाणी रीत
जगात कुणाकडे नसणार.

मग ते वर्ष.
ऑक्टोबरातच बर्फ आलं, आडवं, दगडासारखं.
दहाच्या दहा काळ्या आल्या.
बाबा जेवले. बाबा झोपले.

सकाळी घळीत पांढऱ्यावर पांढरं,
कुठे मेंढी संपते नि कुठे बर्फ सुरू होतं, कळेना.
तू नऊ वर्षांचा होतास.
एकेकीचा कान चाचपून मोजत होतास, मोठ्यानं,
आणि एकशे ब्याण्णववर तुझा आवाज बसला.
आईनं तुला उचलून आत नेलं.
पुढचा आकडा कुणीच घेतला नाही.

तुला हेही आठवत असेल,
त्यानंतरही बाबा काळ्याच मोजत राहिले.
माणूस एकटा, मेंढ्या हजार, करणार काय?
फक्त दहा भरल्यावर
कडी लावायच्या आधी
ते अंधाराकडे तोंड करून बराच वेळ थांबायचे.
काही दिसत नसायचं. तरी थांबायचे.

इथे थांबायची सोय नाही.
"सहा प्रती," निळ्या कोटातली बाई सांगते,
"इथे सही. आणि इथे."
जे लिहीन म्हणून शब्द दिला होता, तेच लिहिते.
शब्द मोडणारी मी नव्हे, तुला ठाऊक आहे.
डॉक्टरांचं झालं, ते फोटो काढून घेताहेत.
ठेकेदार घड्याळ बघतो, वादळाची सूचना आहे म्हणे.
पाचव्या प्रतीवर माझं पेन अडतं,
बाईला वाटतं, शाई संपली.
ती दुसरं पेन देते.

आता बाहेर पायऱ्यांवर उभी आहे.
बर्फ पडायला लागलंय, बारीक, सरळ, काही घाई नसल्यासारखं.
तुझा फोन वाजतोय, तू उचलत नाहीस.
उचललास तर वाद घालणार नाही,
माझ्याकडे आहेच काय वाद घालण्यासारखं.
एकच विचारायचंय:
त्या सकाळी, एकशे ब्याण्णवच्या पुढे,
अजून किती होत्या रे?